‘म्हणाल ते बदलून देऊ’ म्हणणाऱ्याला काय विचारावं?

प्रश्न : ताई, पेणजवळ आमचा गणपतीचा कारखाना आहे. बराचसा माल व्यापाऱ्यांकडे जातो. मुंबई-पुण्याच्या घरगुती गिऱ्हाइकांची नोंदणी आता थेट वेबसाइटवर घ्यावी, असं मुलीच्या मनात आहे. मुंबईच्या एका एजन्सीने १ लाख ८० हजार सांगितले, सगळं कागदावर मांडून. इथल्या दोन मुलांनी ४५ हजार सांगितले आणि “काका, म्हणाल ते बदलून देऊ” असा शब्द दिला. आमचं काम हंगामी, ऐनवेळी बदल होणारच. कोणाला द्यावं?
– एक मूर्तिकार

उत्तर : आकडे जरा बाजूला ठेवा आणि दोघांपुढे एकच गोष्ट ठेवा. गणेश चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये अधिक महिन्यामुळे ती १४ सप्टेंबरला गेली. म्हणजे नोंदणी बंद करायची तारीख, मूर्ती न्यायला यायचे दिवस, दर, सगळंच दरवर्षी सरकतं. “हे मी माझ्या मोबाइलवरून कसं बदलायचं, ते तुमच्या एखाद्या जुन्या साइटवर आत्ता करून दाखवा,” असं म्हणा. “फोन करा, लगेच करून देतो” असं उत्तर आलं तर सावध व्हा. श्रावणात तुम्ही रंगकामात आणि डोळ्यांच्या आखणीत बुडालेले असाल आणि तो मुलगा दुसऱ्याच कुणाच्या कामात. मी वेबसाइट बनवणाऱ्या अशाच एका कंपनीत हिशेब सांभाळायचे. फोनवरचे ‘छोटेसे बदल’ बिलात कसे फुगतात, ते जवळून पाहिलंय.

मुंबईवाल्यांच्या कागदात नेमकं हेच शोधा : काम सुरू झाल्यावर बदल सांगितला तर तासाचा दर काय आणि किती दिवसांत होणार? हे लिहिलेलं नसेल तर त्यांचा कागद आणि मुलांचा शब्द सारखेच. दोघांनाही १८ टक्के जीएसटी धरला आहे की वेगळा, डोमेन (साइटचा पत्ता) आणि होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) यांचा वर्षाचा खर्च कुणाकडे, हेही विचारून घ्या.

आता खरी मेख. तुमच्याकडून मूर्ती नेणाऱ्याला साचा मिळत नाही, तसंच इथे आहे. पैसे तुम्ही दिलेत म्हणून कोड, म्हणजे साइट ज्यावर चालते तो प्रोग्राम, आपोआप तुमचा होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार बाहेरच्या माणसाकडून करून घेतलेल्या अशा कामाचा हक्क सहसा करणाऱ्याकडेच राहतो. तो तुमच्या नावावर व्हायला सहीचा लेखी करार लागतो. त्यात मुदत लिहिली नाही तर ५ वर्षंच धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. परदेशी गिऱ्हाईक कधीतरी येईलच, तेव्हा ‘कायमस्वरूपी, जगभर’ एवढे दोन शब्द घालायला लावा.

डोमेन तुमच्याच नावावर, तुमच्याच ईमेलवर घ्या. ओटीपी तुमच्या फोनवर आला पाहिजे. पैसे घेण्याच्या गेटवेचं खातंही तुमच्या केवायसीवर आणि तुमच्याच बँकेला जोडलेलं. “आमच्या खात्यावर घेऊन मग तुम्हाला पाठवतो” हे अजिबात चालवून घेऊ नका. आणि साइट वर्डप्रेस-वूकॉमर्ससारख्या खुल्या, म्हणजे कुणालाही वापरता येणाऱ्या सॉफ्टवेअरवर हवी. उद्या ही मुलं नोकरीला लागून पुण्याला गेली, तर ते काम येणारा दुसरा माणूस अलिबागला नाहीतर पनवेलला मिळतो. एजन्सीचं स्वतःचं खास सॉफ्टवेअर असेल तर ती एजन्सी सोडताना सगळं नव्याने बांधावं लागण्याची शक्यता फार.

एवढं मान्य असेल तर माझा कल मुलांकडे आहे. कारखान्यावर येऊन फोटो काढतील, गर्दीच्या दिवशी समोर असतील. मात्र सगळं एकदम सांगू नका. पहिल्या हंगामाला फक्त मूर्तीचे फोटो, उंची, शाडूची की पीओपीची, दर, नोंदणी आणि आगाऊ रक्कम, बस्स. घरपोच वगैरे विसर्जनानंतर बघता येईल. पैसेही तसेच टप्प्याने द्या. शेवटचा हप्ता सगळे पासवर्ड हातात आल्यावर, आणि मुलीने त्यांच्या मदतीशिवाय एक मूर्ती साइटवर चढवून दाखवल्यावर.

एक किरकोळ वाटणारी गोष्ट राहिली. तुमचा जुना कॅटलॉग डीटीपीवाल्याने श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केला असेल, तर तो मजकूर साइटवर चिकटवल्यावर अगम्य चिन्हं उमटतील आणि गूगलला त्यातलं काही सापडणार नाही. सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवर आपण मराठी टाइप करतो त्या पद्धतीत हवं. ते कोण करणार हे आताच ठरवा. मोठ्या एजन्सीतही हे काम बहुतेक वेळा गिऱ्हाइकाच्याच गळ्यात पडतं, म्हणून मी तर मुलीलाच आजपासून टायपिंगला बसवलं असतं.