राउटरचे चारही पोर्ट भरले, आता काय?

प्रश्न : आमचं घर रामबागेत, जुन्या बांधणीचं. भिंती इतक्या जाड की वर वायफाय पोचतच नाही, म्हणून सगळं वायरवर. राउटरचे चारही पोर्ट भरले आहेत : टीव्ही, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, माझा कॉम्प्युटर आणि वरच्या मजल्यावर सुनेचा. आता तिच्या शेजारच्या खोलीत नातवाचा कॉम्प्युटर, प्रिंटर आणि एक टीव्ही जोडायचा आहे. केबलवाला म्हणतो, दुसरा राउटर घ्या, भिंत फोडून वर आणखी तीन वायर नेऊ. काय करू?
– एक निवृत्त शिक्षिका, इंदूर

उत्तर : ताई, भिंतीला हात लावू देऊ नका. वर जाणारी वायर तुमच्याकडे आहेच, सुनेच्या खोलीतली. तिच्या टोकाला आठ पोर्टचा साधा गिगाबिट स्विच बसवा, म्हणजे एका वायरीला अनेक फाटे देणारी, 1000 एमबीपीएस वेगाची छोटी डबी. एक पोर्ट खालून आलेल्या वायरला गेला, सात उरले. सुनेचा कॉम्प्युटर आणि नातवाच्या तीन वस्तू जोडून तीन पोर्ट मोकळे राहतात. सेटिंग काही नाही, वीज दिली की चालू.

दुसरा राउटर मी का नको म्हणतो? तो नेहमीसारखा जोडला की स्वतःचं वेगळं नेटवर्क उभं करतो. मग वरचा प्रिंटर तुमच्या खालच्या कॉम्प्युटरला दिसत नाही, आणि दोष प्रिंटरला लागतो. घरात जुना राउटर पडून असेल तर त्याचा स्विच करता येतो : त्याचा नेटवर्कवरचा पत्ता (आयपी) बदलायचा, डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटण्याचं काम) बंद करायचं आणि खालची वायर त्याच्या लॅन (घरातल्या वस्तूंच्या) पोर्टात लावायची, वॅन (बाहेरच्या इंटरनेटच्या) पोर्टात नाही. मुद्दाम विकत मात्र आणू नका.

आता खरी काळजी त्या एका वायरची, कारण चौघांचा भार तिच्यावर येणार. सुनेच्या कॉम्प्युटरवर नेटवर्कच्या सेटिंगमध्ये लिंकचा वेग बघा. 1000 दिसला तर निश्चिंत राहा. तुमचा प्लॅन 100-200 एमबीपीएसचा असला तर नातू काहीही बघो, सुनेचं काम या वायरमुळे अडणार नाही. 100 दिसला तर आधी प्लग तपासा. माझ्या बहिणीकडे, सुदामा नगरला, वर्षभर वेग 100 वरच अडकला होता. प्लग डोळ्यांजवळ धरून पाहिला, तर आठपैकी चारच तारा आत गेलेल्या, निळी जोडी आणि तपकिरी जोडी मागे कापून टाकलेली. गिगाबिटला आठही तारा लागतात. दोन्ही टोकांना नवे प्लग लावले, दहा मिनिटांत काम झालं.

नातवाच्या खोलीसाठी वायर घेताना शुद्ध तांब्याची कॅट सिक्स (नेटवर्क वायरचा एक दर्जा) मागा. दुकानातच एक तार ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. वाकवताना तुटतं, ती घेऊ नका. वायर विजेच्या पाइपातून नेऊ नका, वेगळी पट्टी मारा. 100 मीटरची मर्यादा असते, पण घरात तेवढं अंतर होत नाही.

आणि नातवाला एक बजावून ठेवा : एकाच वायरची दोन्ही टोकं स्विचमध्ये खोचायची नाहीत. साध्या स्विचला तो फेरा कळत नाही, सगळ्या घराचं नेट ठप्प होतं. प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना नावाची चिठ्ठी चिकटवली की ही चूक होत नाही.