गढूळ पाण्याला शेवग्याचं बी चालतं, खाऱ्या पाण्याला नाही

यावल तालुक्यातल्या एका भाऊंनी विचारलंय: पावसाळ्यात शेततळ्याचं पाणी चहासारखं होतं, फवारणी पंपाची जाळी सारखी चोंदते. शेवग्याच्या बियांनी ते निवळेल का? चोपड्याच्या ताई विचारतात: केळी लावायची आहे, पण बोअरचं पाणी खारं. पऱ्हाटीच्या (कापसाच्या वाळल्या काड्यांच्या) कोळशातून गाळलं तर गोडं होईल का?

भाऊ, नक्की निवळेल. आपल्या काळ्या मातीचा कण इतका बारीक, की दोन-दोन दिवस तळाशी बसत नाही. या कणांवर ऋण भार असतो, म्हणून ते एकमेकांना ढकलत तरंगत राहतात. शेवग्याच्या बीतलं प्रथिन धन भाराचं. ते कणांना जोडतं, गुठळ्या होतात आणि जड होऊन खाली बसतात. माठाला आतून निवळीच्या झाडाचं बी घासायची जुनी रीत याच कामाची.

बी झाडावरच वाळलेल्या शेंगेचं घ्या. टरफल काढल्यावर गर पांढरा निघाला पाहिजे, काळपट असेल तर टाकून द्या. २० लिटरच्या बादलीला साधारण २ ग्रॅम गर, म्हणजे ८ ते १० बिया. पाणी फारच गढूळ असेल तर दुप्पट. गर वाटा, पेलाभर स्वच्छ पाण्यात कालवा, फडक्यातून गाळा आणि ते दुधाळ पाणी बादलीत ओता. एक मिनिट जोरात ढवळा, मग १० मिनिटं अगदी सावकाश. घाईत हे सावकाश ढवळणंच राहून जातं आणि गुठळ्या धरत नाहीत. काठी थांबवली की कापसाच्या बारीक पुंजक्यांसारखा गाळ फिरताना दिसेल. मग दोन तास बादलीला हात लावू नका. वरचं पाणी गाळून पंपात भरा. तणनाशक मारताना तर हे कराच, कारण ग्लायफोसेट हे तणनाशक मातीच्या कणांना चिकटून वाया जातं. पाणी त्याच दिवशी संपवा, शिळं झालं की वास मारतं.

कळकळीनं सांगतो, पाकिटातलं औषध लावलेलं रंगीत बियाणं यासाठी कधीच घेऊ नका. आणि पाणी नितळ दिसलं म्हणून तसंच पिऊ नका. जंतू कमी होतात, संपत नाहीत. प्यायचं तर उकळूनच.

ताई, कोळशानं पाणी गोडं होणार नाही. कमी हवेत जाळलेल्या पऱ्हाटीच्या कोळशाला बारीक छिद्रं असतात. त्यांत रंग, वास, काही कीटकनाशकांचे अंश अडकतात. विरघळलेले क्षार मात्र सरळ पार जातात. शेवग्याचं बीही तिथे हात टेकतं. केळी खाऱ्या पाण्याचा मार लगेच खाते, पानांच्या कडा करपतात. म्हणून खर्च करण्याआधी पाणी तपासा. मोटार १०-१५ मिनिटं चालू द्या, प्लास्टिकची बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळून काठोकाठ भरा आणि माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेत द्या. अहवाल आला की घेऊन या. केळी लावायची की नाही, ते त्यातला ईसी (पाण्यातल्या एकूण क्षारांचा अंदाज देणारा आकडा) आणि सोडियम बघून ठरवू.