कॉइलगनमधला (तारेच्या कॉइलच्या चुंबकत्वाने लोखंडी रॉड फेकणारं यंत्र) रॉड बाहेर न पडता परत आत ओढला जातो. प्रोजेक्ट गाइड म्हणतात तसे कॉइलचे वेढे वाढवावेत का? आणि स्टेज (एकामागोमाग लावलेल्या कॉइल) किती ठेवाव्यात?

वेढे वाढवू नका. रॉड आणखी जोरात मागे येईल.

४५ व्होल्टला चार्ज केलेले ४७०० मायक्रोफॅरडचे तीन कपॅसिटर, एससीआर (गेटला सिग्नल दिला की चालू होणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) आणि ६ मिमीचा एमएस म्हणजे माइल्ड स्टीलचा रॉड, असा तुमचा सेटअप आहे. फायनल इयरच्या टीमला अशा वेळी हमखास 'वेढे वाढवा' असं सांगितलं जातं आणि ते ऐकून माझं डोकं फिरतं. वेढे दुप्पट केले की इंडक्टन्स (करंट बदलायला कॉइल करते तो विरोध) चौपट होतो, रोधही वाढतो, पल्स म्हणजे करंटचा झटका लांबतो आणि करंटचा पीक खाली येतो, हे सांगणारा सोयीस्करपणे विसरतो.

रॉड नेहमी कॉइलच्या मध्याकडे ओढला जातो, मग तो कुठल्याही बाजूला असो. मध्य ओलांडल्यावरही करंट वाहत असेल तर तोच ब्रेक लावतो. एससीआर एकदा चालू झाला की गेटवरून बंद होत नाही, करंट जवळजवळ शून्यावर यावा लागतो. म्हणजे रॉड मध्यावर पोचेपर्यंत पल्स संपत आलेली हवी.

८ मिमी बाहेरच्या व्यासाची नळी, १ मिमीची एनॅमल तार, २५ मिमी लांबीत चार थर, म्हणजे साधारण १०० वेढे धरा. इंडक्टन्स ४० मायक्रोहेन्रीच्या आसपास आणि रोध ०.०८ ओहम येतो. रोध बाजूला ठेवला तर अर्धी लाट सुमारे २.४ मिलिसेकंदांची. ती लांब पडत असेल तर एक कपॅसिटर काढून बघा. ऊर्जा कमी होऊनही वेग वाढू शकतो, आणि गाइडना हे पटवायचं तर मोजून दाखवा. नळीच्या तोंडापुढे एकमेकांपासून १०० मिमी अंतरावर दोन आयआर सेन्सर लावा, आर्डुइनोवर वेळ घ्या. रॉडचं पुढचं टोक कॉइलमध्ये जेमतेम शिरलेलं ठेवून सुरुवात करा आणि जागा २-२ मिमीने सरकवत प्रत्येक ठिकाणचा वेग लिहा. रिपोर्टमधला सर्वात मोलाचा ग्राफ हाच. परीक्षक रॉड किती लांब गेला ते विचारतात, पण विचारायला हवी ती एफिशियन्सी. तुमच्याकडे साठते साधारण १४ ज्यूल. त्यातली २ टक्के जरी साडेपाच ग्रॅमच्या रॉडला मिळाली, तरी वेग सेकंदाला १० मीटर होतो. पहिल्या कॉइलगनसाठी हा आकडा चांगला आहे.

कॉइलवरचा डायोड करंटचं शेपूट लांबवतो हे खरं, पण काढू नका. उलट्या व्होल्टेजने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर फुगतात. एससीआर निवडताना सरासरी करंट नको, सर्ज रेटिंग (क्षणभर सोसता येणारा करंट) बघा, कारण पीक ३०० अँपिअरच्या पुढे जातो. ३०४ ग्रेडचा स्टेनलेस रॉड चालत नाही, चुंबक जवळजवळ चिकटतच नाही त्याला. नळी प्लॅस्टिकची घ्या. पितळेची असेल तर लांबीभर चीर पाडा, नाहीतर नळीतच फिरणारे एडी करंट ऊर्जा खातात.

स्टेजबद्दल, एकच. पहिलीची वेळ जमल्याशिवाय दुसरी लावलीत तर दोष कुठल्या स्टेजचा ते कळणारच नाही.

व्होल्टेज वाढवायचा मोहही टाळा. १९०३ साली नॉर्वेत बर्कलँडच्या विद्युतचुंबकीय तोफेचं प्रात्यक्षिक भर सभेत शॉर्ट सर्किट होऊन फसलं होतं. कॅमेऱ्याच्या फ्लॅशचे ३०० व्होल्टचे कपॅसिटर कॉलेजच्या टेबलावर नकोतच. ४५ व्होल्टलाही कपॅसिटरवर १ किलोओहम, ५ वॅटचा ब्लीडर (उरलेला चार्ज उतरवणारा रेझिस्टर) कायम जोडलेला हवा. सप्लाय बंद केल्यावर दीड मिनिट थांबा, मल्टिमीटरने बघा, मगच कॉइलला हात लावा. समोर चिंध्या भरलेलं खोकं ठेवा, आणि चष्मा सगळ्यांनी घाला, मोबाइलवर शूट करणाऱ्यानेही.