नसेत सोडलेल्या पेशींना हाडाचा पत्ता कोण सांगतं?

गेल्या अंकात अस्थिमज्जेबद्दल मी दोनच ओळी लिहिल्या होत्या. त्यावर आलेल्या पत्रांतली चार इथे घेतली आहेत. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे. त्यातल्या प्रश्नावर मी नोकरीची बरीच वर्षं अंधाऱ्या खोलीत बसून काढली, त्यामुळे हात आखडता घेणं जमलं नाही.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला रक्ताचा कर्करोग झाला. गेल्या महिन्यात त्याचं बीएमटी, म्हणजे अस्थिमज्जेचं रोपण झालं, दाता मीच. मला वाटलं होतं मोठं ऑपरेशन असेल, हाड उघडतील. प्रत्यक्षात रक्ताच्या पिशवीसारखी एक पिशवी टांगली आणि छातीजवळच्या नळीतून सोडून दिली. मी सिस्टरना विचारलं, हे हाडात कसं जाणार? त्या म्हणाल्या, ‘जातं आपोआप.’ आपोआप म्हणजे कसं? पेशींना काय डोळे असतात?
— एक बहीण, कोल्हापूर

ताई, सिस्टर खोटं बोलल्या नाहीत. पण तुम्हाला उत्तर अर्धंच मिळालं.

कोल्हापूरकरांना अस्थिमज्जा वेगळी सांगायला नको. मटणाची नळी ताटावर आपटली की जो गर निघतो, तीच. फक्त ताटातली शिजलेली आणि बहुतेक चरबीची. जिवंत माणसाच्या कमरेच्या हाडात, मणक्यांत, बरगड्यांत ती लाल असते आणि दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी तयार करते. हे सगळं ज्यांच्यापासून सुरू होतं त्या मूळपेशी, म्हणजे डॉक्टरांच्या बोलण्यातले ‘स्टेम सेल’, मज्जेतल्या दहा हजार पेशींत एखादी, किंवा त्याहूनही विरळ.

आता तुमचीच गोष्ट घ्या. दान करण्याआधी बहुतेक तुम्हाला चार-पाच दिवस जी-सीएसएफ या औषधाची इंजेक्शनं दिली असतील आणि कंबर ठणकली असेल. मूळपेशी मज्जेत धरून ठेवणारा एक रेणू आहे, सीएक्ससीएल१२. मज्जेतल्या आधारपेशी तो सोडत असतात आणि मूळपेशीच्या अंगावर तो ओळखून धरणारं प्रथिन (रिसेप्टर) असतं. त्या इंजेक्शनांनी मज्जेतला हा रेणू कमी होतो, पकड सुटते आणि पेशी रक्तात उतरतात. मग त्या यंत्राने तुमच्या रक्तातून वेचून घेतल्या. भावाच्या शरीरात तोच खेळ उलटा झाला.

पिशवीतल्या पेशी आधी हृदयात गेल्या, तिथून फुप्फुसात, मग सगळीकडे. कितीतरी फुप्फुसात, यकृतात, प्लीहेत अडकल्या आणि तिथेच संपल्या. ज्या मज्जेतल्या बारीक रक्तवाहिन्यांत पोचल्या, त्यांना भिंतीवर सिलेक्टिन नावाची प्रथिनं भेटली. ती घट्ट धरत नाहीत, नुसती चिकटवतात आणि सोडतात, त्यामुळे धावणारी पेशी मंदावून भिंतीवरून घरंगळायला लागते. गर्दीच्या जिन्यावरून म्हातारी माणसं कठड्याला हात लावत उतरतात ना, तशी. घरंगळताना सीएक्ससीएल१२ची खूण लागली की तिच्या अंगावरचे दुसरे, मजबूत आकडे उघडतात. पेशी थांबते, चपटी होते आणि भिंतीतून आत शिरते. हे काही तासांत होतं. डोळे नाहीत ताई, सगळा हाताचा खेळ.

हे तर्काने ठरवलेलं नाही. २००५ साली बॉस्टनमध्ये डोरोथी सिपकिन्स, चार्ल्स लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुंगी दिलेल्या जिवंत उंदराच्या कवटीतून हे पाहिलं. त्यांनी आधी सोडल्या होत्या ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी, चमकणारा रंग लावून. त्या मज्जेत सगळीकडे चिकटल्या नाहीत. जिथे सिलेक्टिन आणि सीएक्ससीएल१२ दोन्ही आहेत, अशा ठरावीक तुकड्यांवरच थांबल्या. नंतर निरोगी मूळपेशी सोडल्या, तर त्याही त्याच तुकड्यांवर गेल्या. उंदरात तरी रोग आणि त्यावरचा इलाज एकाच दाराने आत शिरतात. मी तो लेख पहिल्यांदा वाचला तेव्हा उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या होत्या.

आत गेल्यावर त्या बसतात कुठे? १९७८मध्ये रेमंड स्कोफिल्ड यांनी मांडलं की मूळपेशीला राहायला एक खास कोनाडा लागतो आणि तो कोनाडाच तिला मूळपेशी ठेवतो. त्यानंतर वर्षानुवर्षं भांडण चाललं, कोनाडा हाडाच्या भिंतीशी आहे की रक्तवाहिनीशी. दोन्ही बाजूंकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला कापलेल्या मज्जेच्या सुंदर चकत्या होत्या. २००९मध्ये क्रिस्टिना लो चेल्सो यांनी जिवंत उंदरात एकेक मूळपेशी पाहिली, तेव्हा आढळलं की हाड बांधणाऱ्या पेशी आणि बारीक रक्तवाहिन्या एकमेकींत इतक्या गुंतलेल्या आहेत की ‘हाडाजवळ की नळीजवळ’ असं वेगळं काढताच येत नाही. माझं मत विचाराल तर ते भांडण चकत्यांनीच लावलं होतं.

चकती कशी फसवते ते मी स्वतः अनुभवलंय. पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनासाठी, लंडनला होते. तिथे ल्युकेमियाच्या एका चकतीवर हाडाला टेकलेली एक पेशी मला सापडली. मी तिला बाण काढला आणि मीटिंगमध्ये आत्मविश्वासाने सांगितलं, ही इथे लपून बसलीय. पुढच्या आठवड्यात त्याच जातीच्या पेशी जिवंत उंदरात पाहायला बसले. दर तीन मिनिटांनी एक चित्र. वीस मिनिटांत माझी ‘लपून बसलेली’ पेशी चौकटीतून निघून गेली होती. २०१६मध्ये लो चेल्सो यांच्याच गटाने टी-पेशींच्या ल्युकेमियाबद्दल हे रीतसर दाखवलं. केमोथेरपीतून वाचलेल्या पेशी कुठल्या कोनाड्यात दडून वाचत नाहीत, उलट जास्तच भटकतात. चकतीवर ती पेशी हाडाला टेकली होती हे खरंच होतं. ‘बसलीय’ हे क्रियापद माझं.

निरोगी मूळपेशीचं याउलट. तिला न छेडता पाहिलं तर ती जवळजवळ जागची हलत नाही. पण तिलाही कारण मिळालं की चालते. ट्रायकिनेला या कृमीचा संसर्ग झालेल्या उंदरांतल्या मूळपेशी जास्त फिरतात, हे २०१४मध्ये दिसलं.

भावाच्या हाडात असं पाहता येईल का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात आलं असणार. नाही येत. उंदराची कवटी कागदासारखी पातळ असते, माणसाची कित्येक मिलिमीटर जाड. म्हणून डॉक्टर रोज सकाळी काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींची संख्या बघतात. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी सलग तीन दिवस ५००च्या वर टिकल्या की पेशी रुजल्या असं धरतात, त्याला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. आणखी एक खूण आहे. तुम्ही बहीण, तो भाऊ. त्याच्या रक्तपेशींत आता वाय गुणसूत्राच्या जागी दुसरं एक्स सापडायला हवं, आणि लॅब तेच तपासते. पुढच्या राखीपौर्णिमेला त्याला खुशाल सांगा.

प्रश्न : मॅडम, मी बारावी सायन्सला आहे. हाड अपारदर्शक असताना मायक्रोस्कोपने आतलं कसं दिसतं? एक्स-रे वापरतात का?
— विद्यार्थी, परभणी

एक्स-रे नाही रे, त्यात एकेक पेशी दिसणार नाही. रात्री दिवा मालवून मोबाइलचा टॉर्च बोटाखाली धर. बोट लाल दिसेल. निळा-हिरवा प्रकाश आतच अडतो, लाल पार होतो. डोळ्याला न दिसणारा अवरक्त त्याहून खोल जातो. हाड तसं अपारदर्शक नाही, दुधासारखं आहे. प्रकाश गिळत कमी, विखुरतो जास्त.

पण पेशीवरचा हिरवा रंग चमकवायला निळ्या प्रकाशाइतकी ऊर्जा लागते, आणि अवरक्ताच्या एका फोटॉनमध्ये, म्हणजे प्रकाशकणात, ती साधारण निम्मीच. मग दोन फोटॉन एकाच क्षणी एकाच रेणूवर आदळले तर? ते होऊ शकतं, हे मारिया गोपर्ट-मायर यांनी १९३१च्या प्रबंधात कागदावर दाखवलं. लेझर यायला अजून तीस वर्षं होती. (या बाईंनी पुढे अमेरिकेत कित्येक वर्षं बिनपगारी काम केलं आणि १९६३चं नोबेल मिळवलं, तेही अणुकेंद्राच्या वेगळ्याच कामासाठी.) १९९०मध्ये कॉर्नेल विद्यापीठात डेंक, स्ट्रिकलर आणि वेब यांनी त्यावर सूक्ष्मदर्शक बांधला. त्याचा लेझर अखंड पेटत नाही, सेकंदाला सुमारे ८ कोटी ठिणग्या टाकतो. एकेक ठिणगी सेकंदाच्या दहा लाख कोटीव्या भागाइतकी छोटी. फोटॉनची एवढी दाटी फक्त भिंगाच्या नाभीत होते, म्हणून चमक तेवढ्याच ठिपक्यातून येते. तो ठिपका फिरवत चित्र भरायचं.

यातली मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट म्हणजे हाडाला रंग लावावाच लागत नाही. त्यातलं कोलॅजन हे प्रथिन अवरक्त प्रकाश घेऊन बरोबर निम्म्या तरंगलांबीचा परत देतं. पडद्यावर आधी हाड उमटतं, मग त्याच्या पोकळ्यांत पेशी.

पुस्तकात नसतं तेही सांगते. खोली अंधारी आणि एसी इतका की मे महिन्यात स्वेटर. उंदीर मात्र उबदार पाटावर, कारण तो गार पडला की रक्तप्रवाह बदलतो. श्वासागणिक चित्र हलतं. आणि केस! उंदराचा एक केस कवटीवर राहिला तर तो लेझरखाली ट्यूबलाइटसारखा पेटतो. अशा एका केसापायी माझं चार तासांचं रेकॉर्डिंग वाया गेलंय.

प्रश्न : आपण गुंगी दिलेल्या उंदरांचं कौतुकाने लिहिता. त्या मुक्या जिवाचं पुढे काय होतं?
— निवृत्त शिक्षक, रत्नागिरी

सर, बहुतेक वेळा प्रयोग संपल्यावर त्याला मारतात. शुद्धीवर न आणता, पण मारतात. हे मी कधी गोड करून सांगत नाही. जुन्या पद्धतीत पहिला दिवस, तिसरा दिवस, सातवा दिवस, प्रत्येक वेळेसाठी वेगळे उंदीर मारून चकत्या काढायच्या. जिवंत पाहताना तोच उंदीर पुन्हा पुन्हा पाहता येतो, म्हणून संख्या घटते. शून्य होत नाही. भारतात असा कुठलाही प्रयोग संस्थेच्या प्राणी-नीतिसमितीच्या परवानगीशिवाय करता येत नाही.

काही प्रश्न झेब्राफिशच्या पिल्लांवर भागतात, ती काचेसारखी पारदर्शक असतात. या माशाची मज्जा हाडात नसते, मूत्रपिंडात असते. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत कारिमा किसा आणि फिलिप एर्बोमेल यांनी २०१०मध्ये त्यांच्यातच पाहिलं की महाधमनीच्या तळाची एक पेशी वाकते, भिंतीतून सुटते आणि मूळपेशी होते. आणि २०१५मध्ये बॉस्टनच्या लेनर्ड झॉन यांच्या गटाला दिसलं की मूळपेशी नव्या जागी पोचली की वाहिनीच्या भिंतीच्या पेशी सरकून तिला चहूबाजूंनी कुशीत घेतात. कुशीत घेणं हा माझा शब्द नाही, त्यांनीच तसं म्हटलंय.

प्रश्न : गुडघेदुखीवर एका दवाखान्यात स्टेम सेलचं इंजेक्शन सुचवलंय. खर्च लाखाच्या घरात. घ्यावं का?
— वाचक, नाशिक

मी गुडघ्यांची डॉक्टर नाही. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं रक्ताच्या विकारांसाठीच्या मूळपेशी-रोपणाला प्रस्थापित उपचार मानतात. बाकीचे वापर मान्यताप्राप्त चाचणीतच व्हावेत असं सांगतात. तेव्हा दवाखान्यात एवढंच विचारा : ही चाचणी आहे का, असेल तर तिचा नोंदणी क्रमांक काय, आणि चाचणी असेल तर पैसे माझ्याकडून कसे?