शाळेसाठी निवेदन द्यायचंय, पण कुणाला आणि कधी?

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. जिल्हा परिषद शाळेचा पट 17 वर आलाय, दोनपैकी एका गुरुजींची बदली झाली आणि जागा रिकामीच आहे, एक वर्ग गळतो, वर शाळा शेजारच्या गावात विलीन होणार अशी कुजबुज. ऑनलाइन याचिकेवर चारशे सह्या झाल्यात, आता पुढे काय, असं तुम्ही विचारलंय. माझी दोन्ही मुलं अशाच शाळेत शिकली. त्या काळात मी शाळा व्यवस्थापन समितीत सात वर्षं होतो, त्यावरून सांगतो.

सह्या ठेवा, उपयोगी पडतील. पण ‘शासनाने लक्ष द्यावे’ एवढंच लिहिलेला कागद कुणाच्याच टेबलावर थांबत नाही. ज्या निर्णयाविरुद्ध बोलायचं तो अधिनियमात म्हणजे मूळ कायद्यात आहे, त्याखालच्या नियमात आहे की शासन निर्णयात (जीआर), हे आधी शोधा. तिघांची दारं वेगळी आहेत.

दोन उदाहरणं अलीकडचीच. 9 फेब्रुवारी 2024 ला शिक्षण हक्काच्या राज्य नियमांत बदल झाला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळेला दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी राखीव असलेल्या 25 टक्के जागांमधून सूट. तो नियमातला बदल होता आणि नियम मूळ कायद्याच्या बाहेर जाऊ शकत नाही. पालक उच्च न्यायालयात गेले. 6 मे ला स्थगिती मिळाली, 19 जुलैला तो बदल रद्द झाला, आणि पुढे सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही. दुसरं उदाहरण पहिलीपासून तिसरी भाषा, म्हणजे हिंदी, शिकवण्याचं. 16 एप्रिल आणि 17 जून 2025 चे ते शासन निर्णय होते. जीआर विभाग काढतो आणि विभागच मागे घेतो, त्याला सभागृहाची मंजुरी लागत नाही. पालक, शिक्षक, लेखक, राजकीय पक्ष सगळेच बोलत राहिले आणि पावसाळी अधिवेशनाच्या आदल्या दिवशी, 29 जूनला, दोन्ही जीआर रद्द झाले. अधिवेशन तोंडावर असताना दिलेल्या कागदाचं वजन वेगळं असतं, हे मी स्वतः पाहिलंय.

तुमच्या बाबतीत कायदा तुमच्या बाजूने आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीला 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक. पट 17 असला तरी दोनच. नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा सांगितली आहे, तेव्हा शेजारच्या गावची शाळा पायवाटेने किती लांब आहे ते मोजून लिहा, मध्ये ओढा किंवा हायवे असेल तर तोही लिहा. कलम 32 खाली स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे जिल्हा परिषदेकडे, लेखी तक्रार करता येते. तिचा निर्णय तीन महिन्यांत द्यावा लागतो, नाही पटला तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील. तक्रारीत कलमाचा आकडा लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

आता पैशाचं. इथे माझी दोन वर्षं फुकट गेली.

आमच्याही शाळेत तिसरीचा वर्ग गळायचा. बाईंनी फरशीवर खडूने रेघ मारली होती, रेघेपलीकडे कुणी बसायचं नाही. पाऊस वाढला की रेघ पुसून अलीकडे काढायची. मी गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्रं देत राहिलो. ते चांगलं बोलायचे, पण दुरुस्तीचा पैसा त्यांच्या हातातच नव्हता. मुख्याध्यापकांशीही मी उगाच वाद घातला. समग्र शिक्षा या केंद्र-राज्याच्या शालेय योजनेतून येणारं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं: 30 पर्यंत 10 हजार, 31 ते 100 ला 25 हजार. त्यातच वीजबिल, साहित्य, स्वच्छता. त्यात छप्पर कुठून बसणार? मोठ्या दुरुस्तीचा आणि खोल्यांचा पैसा जिल्हा नियोजन समितीच्या आराखड्यातून, जिल्हा परिषदेच्या सेसमधून (तिच्या स्वतःच्या उत्पन्नातला निधी) किंवा ग्रामपंचायतीच्या वित्त आयोग निधीतून येतो. मागायचं तिथे.

मागायचं कशाच्या आधारावर, तर शाळा विकास आराखड्याच्या. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 22 मध्ये स्पष्ट लिहिलंय की समितीने केलेला हा आराखडाच शासनाच्या आणि स्थानिक प्राधिकरणाच्या नियोजनाचा आणि अनुदानाचा पाया असेल. पालकांच्या हातात याहून भक्कम कागद नाही, आणि बहुतेक ठिकाणी तोच कपाटात पडून असतो. आमचा उघडला तर मागच्या वर्षीचा जसाच्या तसा उतरवलेला, ‘वर्गखोली दुरुस्ती’ एवढे दोन शब्द. मग एका पालकाने, ते गवंडीकाम करतात, वर चढून पाहिलं. अकरा पत्रे तडकलेले, एक वासा कुजलेला. आम्ही मापं घेतली, फोटो काढले, कनिष्ठ अभियंत्यांकडून अंदाजपत्रक करून घेतलं, समितीचा ठराव इतिवृत्तात घेतला आणि त्याच मजकुराचा ग्रामसभेचा ठराव. पुढच्या पावसाळ्याआधी पत्रे बदलले गेले.

वेळ फार महत्त्वाची. ग्रामपंचायतीचा आराखडा 2 ऑक्टोबरच्या आसपास सुरू होतो, जिल्ह्याचा त्यानंतर जानेवारीपर्यंत ठरत जातो, राज्याचा अर्थसंकल्प मार्चमध्ये येतो. एप्रिलमध्ये मागणी करणाऱ्याला पुढच्या वर्षाची वाट पाहावी लागते.

आमदारांकडे जाताना एकच पान न्या. पट, मंजूर पदं, भरलेली पदं, खोलीचं माप, अंदाजपत्रकाची रक्कम, आणि शेवटी नेमकी विनंती: तारांकित प्रश्न (ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात) किंवा लक्षवेधी सूचना. आमच्या वेळी स्वीय सहायकांनीच आधी वाचलं, आणि आकडे होते म्हणून पुढे ठेवलं. प्रश्न स्वीकारला गेला की विभाग जिल्ह्याकडून माहिती मागवतो, जिल्हा तालुक्याकडून, तालुका केंद्रप्रमुखांकडून. उत्तर सभागृहात येण्याआधीच शाळेत फोन सुरू होतात, आमच्याकडे तसंच झालं. विधान परिषदेत शिक्षक मतदारसंघाचे सात आमदार असतात, तुमच्या विभागाच्या आमदारांनाही तेच पान द्या. प्रश्नांची सूचना बरीच आधी द्यावी लागते, म्हणून हिवाळी अधिवेशनासाठी दिवाळीआधीच भेटा.

गुरुजींना मात्र पुढे करू नका. त्यांना सेवेचे वर्तणूक नियम आहेत, सह्या पालकांच्याच घ्या. गुरुजींकडून माहिती घ्या, आणि मिळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज टाका: 10 रुपये आणि 30 दिवस.

आणखी एक, जे लोक विसरतात. संच मान्यतेला, म्हणजे शाळेला किती शिक्षक पदं मिळतील ते ठरवताना, 30 सप्टेंबरचा पट धरतात आणि त्यात आधार जुळलेली मुलंच मोजली जातात. तुमच्या 17 पैकी दोघांच्या नावात चूक असेल तर कागदावर 15 उरतात. या आठवड्यात घरोघरी जाऊन आधार आणि शाळेची नोंद ताडून बघा, हे काम बाकी सगळ्याच्या आधी.

आराखड्याचा मसुदा झाला की इथेच टाका, मापं आणि मजकूर मी तपासून देईन.