भोळी म्हणजे नेमकं काय?

प्रिय चिऊ,

तुळशीबागेत बांगडीवाल्याने सांगितली तेवढी किंमत तू मुकाट्याने काढून दिलीस आणि आजी म्हणाली, "भोळी गं माझी ती!" तू शब्दकोश उघडलास, तर भोळी म्हणजे इनोसंट, निरागसही इनोसंट, निर्दोषही इनोसंट. मग आजीने कौतुक केलं की नावं ठेवली, असं मला विचारलंस.

दोन्ही नाही गं. तिला तुझी काळजी वाटली. ज्याच्या मनात कपट नाही आणि समोरच्याच्या मनात ते असेल असं ज्याला वाटतही नाही, तो भोळा. शंकराला आपण भोळा सांब म्हणतो ना? भस्मासुराने मागितला तो वर त्याने देऊन टाकला आणि मग त्याच्यापासून त्यालाच पळावं लागलं. म्हणून या शब्दात माया असते आणि धाकधूकही. 'भोळसट' म्हटलं की मात्र माया आटते. आजी तुला भोळसट म्हणाली नाही, हे ध्यानात घे.

निरागस तान्ह्या बाळाच्या चेहऱ्याला शोभतं. संस्कृतात 'आगस्' म्हणजे अपराध, तेव्हा मुळात निरागस आणि निरपराध एकच. तरी शिवाजीनगरच्या कोर्टात आरोपीची 'निरागस मुक्तता' होत नाही, निर्दोष मुक्तता होते. आणि परवा तू शनिवारवाड्यात ऐकलंस, ३० ऑगस्ट १७७३ला तिथे नारायणराव पेशव्यांना मारलं. वय अवघं १८. त्यांना मी निरपराध म्हणेन. रामशास्त्री प्रभुण्यांनी तर त्यांच्या सख्ख्या काकांना, राघोबादादांना, दोषी ठरवलं.

एक शब्द तुझ्या कोशात सापडला नसेल: साळसूद. साय खाऊन 'मी नाही' अशा चेहऱ्याने तू ओट्यापाशी उभी राहतेस, तेव्हा तू साळसूद असतेस. दिसतं निरागससारखंच, म्हणून जपून वापर.

मलाही आजी भोळी म्हणायची. इथे शिकागोला यायला निघाले, तेव्हा माझी बॅग धरून एवढंच म्हणाली, "भोळी आहेस, जपून राहा." आता मला असं कुणी म्हणत नाही. तुला म्हणाली हे वाचलं आणि तिचा आवाज अगदी कानाशी आला.

तिला लहानपणी भोळी कोण म्हणायचं, ते उद्या विचारशील? मी कधी विचारलंच नाही.

तुझी,
आई