ब्रुकलिनमधल्या जुन्या इटालियन-अमेरिकन हॉटेलात शाकाहारी माणसाने काय मागवावं?

डोळे झाकून एगप्लांट पार्मिजान मागवा. तळलेले वांग्याचे काप, वर टोमॅटोचा सॉस आणि कडेला खरपूस झालेलं मोझरेला. एका डिशमध्ये दोघांचं सहज भागतं. सॉस मात्र ‘मरिनारा’च, म्हणजे बिनमांसाचा साधा टोमॅटो सॉस सांगा. तिथली ‘ग्रेव्ही’ म्हणजे मांस घालून तासन्‌तास शिजवलेला टोमॅटो सॉस, आपली ग्रेव्ही नव्हे! मिनेस्ट्रोनी सूपही विचारून घ्या, भाज्यांचं असलं तरी बऱ्याचदा त्यात चिकनचा स्टॉक असतो. अस्सल पार्मेजान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध साकळवणारं विकर असतं. एवढं कडक पाळत असाल तर स्पगेटी मरिनारा, वर चीज न घालता. विल्यम्सबर्गमधलं १९०० साली सुरू झालेलं ‘बामोंटेज’ या पठडीतलं. निवांत वेळ काढून जा, घाईत मजा नाही.